चिंचिलाच्या वजनासाठी एक आकडा पुरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती पाळीव प्राण्यांविषयी नुकताच जो लेख आला, त्यातील चौकटीत ससा, गिनीपिग, हॅमस्टर आणि चिंचिला यांची ‘योग्य वजने’ दिली होती. चिंचिला या दाट फरच्या, कुरतडणाऱ्या लहान प्राण्यापुढे ५०० ग्रॅम एवढाच आकडा होता. लेख एरवी चांगला होता. परंतु पुण्या-मुंबईतील काही घरांत हा प्राणी आता पाळला जातो आणि त्याचे पालक असे आकडे कात्रण काढून जपून ठेवतात, म्हणून लहान पाळीव प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य या नात्याने त्या चौकटीत थोडी भर घालावीशी वाटते. एखाद्या चिंचिलाचे वजन ठीक आहे की नाही, हे इतर चिंचिलांच्या सरासरीवरून कळत नाही. ते त्याच प्राण्याच्या मागच्या नोंदींवरून आणि फरच्या आत बोटे घालून पाहिल्यावर कळते.

पूर्ण वाढ झालेला चिंचिला साधारण ४०० ते ६०० ग्रॅमचा असतो, काही ८०० ग्रॅमपर्यंतही जातात आणि मादी बहुधा नरापेक्षा मोठी असते. एवढ्या लहान प्राण्यात इतका मोठा फरक का, याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे. मॅथ्यू चॅपमन या अमेरिकी खाण अभियंत्याने १९२३ मध्ये चिलीतील अँडीज पर्वतातून मोजके चिंचिला कॅलिफोर्नियात नेले आणि आज जगभर पाळले जाणारे बहुतेक चिंचिला त्यांचेच वंशज मानले जातात. फरच्या व्यापारासाठी त्यांची पैदास होताना मोठ्या अंगाची जनावरे निवडली गेली, त्यामुळे रानातल्या चिंचिलापेक्षा पाळीव चिंचिला भरदार झाला. सर्वच वंश मात्र सारखे मोठे झाले नाहीत. बारीक हाडापेराची ४३० ग्रॅमची मादी ठणठणीत असू शकते आणि मूळची ६५० ग्रॅमची मादी ५०० ग्रॅमवर आली, तर ती चौकटीतल्या आकड्याप्रमाणे ‘योग्य’ ठरूनही प्रत्यक्षात गंभीर आजारी असू शकते.

दुसरी अडचण फरची. माणसाच्या डोक्यावर एका रंध्रातून एक किंवा दोन-तीन केस येतात. चिंचिलाला एकेका रंध्रातून पन्नासहून अधिक केस असतात. एवढ्या दाट आवरणाखाली हाडाला कातडी चिकटलेला प्राणीही गोलमटोल दिसतो. ‘दिसायला तर छान गुबगुबीत आहे’ हे वाक्य मी ज्या जनावरांबद्दल ऐकले आहे, त्यातली कित्येक हाताला अक्षरशः सांगाडा लागली आहेत. म्हणून तपासणी बोटांनीच करावी लागते. प्राण्याला मांडीवर घेऊन एका हाताने खालून आधार द्यावा आणि दुसऱ्या हाताची बोटे मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरून, मग बरगड्यांवरून आणि शेवटी कमरेच्या हाडांवरून हलकेच फिरवावीत. आपला पंजा पसरून तळहाताच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवले की हाडे जशी लागतात, तशी ती लागली पाहिजेत. मूठ वळल्यावर वर येणाऱ्या बोटांच्या सांध्यांसारखी ती टोकदार लागली तर प्राणी खंगला आहे आणि तळहातासारखा नुसता मऊपणा लागला तर चरबी साठली आहे. पशुवैद्यक यालाच शरीरस्थितीचे १ ते ५ गुण देतात आणि त्यात ३ गुण उत्तम मानतात. हे करताना छाती दाबू नये, कारण बरगड्या नाजूक असतात. वरून झडप घालून फर पकडला तर मुठीत केसांचा पुंजका राहतो आणि प्राणी निसटतो. भक्ष्य होणाऱ्या प्राण्याची ती बचावाची युक्ती आहे.

हाताच्या जोडीला काटा हवा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा डिजिटल वजनकाटा पुरतो. भाजीच्या दुकानातला जाड मापाचा काटा इथे उपयोगाचा नाही. काट्यावर उंच काठाचे भांडे किंवा छोटा खोका ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि मग प्राण्याला त्यात बसवावे. हा निशाचर असल्याने संध्याकाळी जागा झाल्यावर, शक्यतो पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) देण्यापूर्वी, दर आठवड्याला ठरलेल्या वेळी वजन करून वहीत तारखेसह लिहावे. पोट भरलेले की रिकामे यावर थोड्या ग्रॅमांचा चढउतार होतच असतो, त्याची चिंता नको; मात्र वजन सलग घसरत राहिले, किंवा एकूण दहा टक्क्यांच्या आसपास कमी झाले, तर प्राणी वरवर खेळता दिसला तरी थांबू नये. लहान पिल्लांचा हिशेब वेगळा असतो. जन्मतः ते ३० ते ६० ग्रॅमचे असते आणि वाढीच्या काळात त्याचे वजन नुसते स्थिर राहिले तरी तो इशारा समजावा.

वजन घटण्याचे मला सर्वाधिक वेळा सापडणारे कारण म्हणजे दात. चिंचिलाचे पुढचे दात आणि दाढा मिळून सगळे २० दात आयुष्यभर वाढत असतात आणि ते झिजतात केवळ चरबरीत गवत तासन्‌तास चघळल्याने. गवत कमी पडले की दाढा लांबतात, त्यांची मुळे वर डोळ्याच्या खोबणीकडे आणि खाली जबड्याच्या हाडात सरकतात आणि चावणे दुखू लागते. एका गृहस्थांनी आणलेल्या नराचे खरेदीच्या वेळचे वजन ५४० ग्रॅम होते आणि टेबलावर ते ४१० ग्रॅम भरले. ‘खातोय की तो, मनुका तर हातातून ओढून घेतो,’ असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते आणि ते खरेही होते. मऊ मनुका तो खात होता. गवत त्याने कधीच सोडले होते. हनुवटीखालचा फर लाळेने चिकटून त्याच्या काड्या झाल्या होत्या, एक डोळा पाणावला होता आणि खालच्या जबड्यावरून बोट फिरवताना हाडावर उंचवटे लागत होते. पुढचे दात मात्र निरोगी चिंचिलाचे असावेत तसे पिवळे-नारिंगी आणि सरळ होते, त्यामुळे घरच्यांना शंका आली नव्हती. दाढांची अवस्था एक्स-रेमध्ये दिसली. मुळे इतकी वाढल्यानंतर दाढा घासून तात्पुरता आराम देता येतो, मूळ दुखणे जात नाही. वजनाची वही असती, तर हा प्राणी कितीतरी आधी दवाखान्यात आला असता.

लठ्ठपणा त्या मानाने कमी आढळतो, पण आपल्याकडे प्रेम खाऊतून व्यक्त होते, त्यामुळे काजू, बदाम, सूर्यफुलाच्या बिया आणि सुकामेवा यांचा मारा झालेले चिंचिलाही येतात. पुढच्या पायांच्या बगलेत आणि हनुवटीखाली चरबीच्या गादीसारखा भाग हाताला लागतो. अशा प्राण्याला उपाशी ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. खाणे थांबले की पोट फुगते, लेंड्या बारीक आणि कमी होतात, आणि लठ्ठ प्राण्याच्या यकृतात चरबी उतरून तो दगावू शकतो. गवत अमर्याद ठेवावे, पेलेट दिवसाकाठी एक-दोन चमच्यांवर आणावेत, खाऊ बंद करावा आणि वजन हळूहळू उतरू द्यावे.

गवताचा प्रश्न आपल्या हवामानात विशेष कठीण आहे. बाहेरून येणारे टिमोथी गवत महाग पडते आणि पावसाळ्यात उघड्या पिशवीत त्याला बुरशी धरते. ओटचे चांगले वाळवलेले गवत किंवा फवारणी न केलेली, नीट सुकवलेली हरळी हा व्यवहार्य पर्याय आहे. लसूणघासात कॅल्शियम आणि प्रथिने जास्त असल्याने प्रौढ प्राण्याला तो रोजचा आहार म्हणून देऊ नये. तापमान २५ अंशांपुढे गेले की चिंचिलाला त्रास होऊ लागतो. त्याला घाम येत नाही, त्यामुळे पंख्याचा फारसा उपयोग नाही, एसीच लागतो. उकाड्यात भूक मंदावूनही वजन उतरते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांतील नोंदी विशेष लक्ष देऊन पाहाव्यात. (कोकणपट्टीत हा प्राणी पाळूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे, पण ज्यांनी आणला आहे त्यांना ते सांगून आता उपयोग नाही.)

पुरवणीच्या संपादकांना विनंती अशी की, पुढच्या वेळी चौकट छापताना चिंचिलापुढे ४०० ते ८०० ग्रॅम हा पल्ला द्यावा आणि त्याखाली ‘दर आठवड्याला वजन करून नोंद ठेवा’ ही एक ओळ जोडावी. प्राणी विकणाऱ्या दुकानदारांनीही विक्रीच्या दिवसाचे वजन आणि तारीख पावतीवर लिहून द्यावी. आज बहुतेक ग्राहकांना ही पहिली नोंद मिळत नाही आणि दवाखान्यात आल्यावर ‘आधी किती होते?’ या प्रश्नाला उत्तर नसते. पालकांनी तपासणीला येताना वजनाची वही, घरी देत असलेल्या गवताची मूठभर पुडी आणि आदल्या रात्रीच्या लेंड्या एका डबीत घेऊन याव्यात.

आपला विश्वासू,
एक पशुवैद्य, पुणे