किट कितीला मिळाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातील एका मंडळाने हस्तकला स्पर्धा घेतली. अर्जावर माती, लाकूड, कागद, भरतकाम आणि 'इतर' असे रकाने होते. मी 'इतर'वर खूण केली आणि दोन वर्षे चार महिने खपून केलेली मोटारीची एक छोटी प्रतिकृती टेबलावर नेऊन ठेवली. परीक्षकांपैकी एकाने ती न विचारता, नेमकी पुढच्या चाकाला धरून उचलली आणि म्हटले, "काका, हो किट कितल्याक मेळ्ळो?" किट (तयार सुट्या भागांचा संच) नाही, घडवली आहे, असे मी सांगितले. "मग थ्रीडी प्रिंट?" तेही नाही. ते हसले आणि पलीकडच्या करवंटीच्या दिव्यांकडे वळले. निकालाच्या यादीत माझ्यापुढे शेरा होता : 'तयार खेळणे, विचारात घेतले नाही.'

बक्षीस गेल्याचे दुःख नाही. पहिले बक्षीस प्रेशर कुकर होते आणि तो आमच्याकडे आहे. पण शेरा खोटा आहे. गोव्यात जुवारी नदीकाठच्या, बार्ज बांधणाऱ्या एका यार्डात ३४ वर्षे ड्राफ्ट्समन म्हणून काढली, त्यात ड्रॉइंगवर खोटे माप कधी जाऊ दिले नाही. म्हणून हे पत्र.

आधी मोटारीविषयी. ती १९३२ची फोर्ड, तीन खिडक्यांची कूपे (दोन दारांची बंद गाडी), पण कारखान्यातून निघाली तशी नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पोरांनी १९३०च्या दशकात जुन्या स्वस्त गाड्या घेऊन त्यांचे मडगार्ड काढून टाकले, वजन कमी केले, इंजिनात फेरफार केले आणि म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाटीवर त्या पळवल्या. १९३७ साली तिथल्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. युद्धावरून परतलेल्या जवानांनी हे वेड आणखी वाढवले आणि १९४९ पासून बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यांचे मेळे भरू लागले. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. १९३२ची फोर्ड त्यांची लाडकी, कारण सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत व्ही-८ (आठ सिलिंडरांचे) इंजिन पहिल्यांदा तिनेच दिले. ३.६ लिटर, ६५ अश्वशक्ती. आज आकडा किरकोळ वाटेल, पण त्या काळात नव्हता.

मला हे कसे कळले? आमच्या वाड्यावर बोटीवरचा एक तारवटी होता. मी शाळेत असताना त्याने सुट्टीवर येताना एक अमेरिकन मोटारींचे मासिक आणले होते. त्यात छत कापून ठेंगणी केलेली ती गाडी होती. छत कापून कोणी गाडी सुंदर करतो, हे त्या वयात पचले नाही. म्हणूनच बहुधा डोक्यात राहिले.

निवृत्तीनंतर ती करायची ठरवली, एकास आठ या मापात. खऱ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या आसांतले अंतर १०६ इंच, माझे सव्वातेरा इंच, म्हणजे ३३६.५ मिलिमीटर. छत तीन इंच कापलेले, म्हणजे माझ्याकडे साडेनऊ मिलिमीटर. लहान मापात अर्धा मिलिमीटर चुकला तरी गाडी फेंगडी दिसते.

बॉडी मी बार्जसारखी केली. खनिज वाहणाऱ्या बार्जची, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या नावेची, ड्रॉइंगे आम्ही आधी लॉफ्टच्या (आखणीच्या दालनाच्या) जमिनीवर पूर्ण आकारात खडूने काढत असू : वरून, बाजूने आणि समोरून. मग ठरावीक अंतरावर आडवे छेद घेऊन एकेक फ्रेम कापायची. इथेही तेच. दर २० मिलिमीटरवर एक, अशा १४ फ्रेमा दीड मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटमधून कापल्या, कण्यावर उभ्या केल्या आणि वरून अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्यांनी मढवल्या. यार्डात वेल्डर जे करायचा ते इथे ब्रशने होते, इतकाच फरक.

ही शीट म्हणजे पॉलिस्टायरिन प्लॅस्टिक, बोलीत स्टायरिन. चतुर्थीच्या मखराला पूर्वी सर्रास वापरायचा तो थर्माकोल आणि ही शीट एकाच पोटची भावंडे. थर्माकोलमध्ये हवा फुगवलेली असते, शीटमध्ये नसते. थर्माकोलवर पेट्रोलचा थेंब पडला की खड्डा पडतो, हे सगळ्यांनी पाहिले असेल. जोडकामाचे मर्म त्यातच आहे. दोन तुकडे कोरडेच जुळवायचे आणि फटीला एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) या द्रवाने ओला केलेला ब्रश फक्त टेकवायचा. द्रव आपोआप आत ओढला जातो, दोन्ही कडा विरघळतात आणि तो उडून गेला की एकच तुकडा उरतो. तिथे गोंद राहत नाही. कापायलाही सुरीने आरपार जायचे नसते. दोन-तीन रेघा ओढून टिचकन मोडायचे, भाजलेल्या पापडासारखे. एक सांगतो, एमईकेच्या वासाने डोके भणभणते आणि तो भडकन पेट घेतो. पहिल्याच संध्याकाळी सौभाग्यवतींनी देवघरातली समई विझवली आणि मला सगळ्या पसाऱ्यासह मागच्या पडवीत हलवले. पडवीत वारा होता, त्यामुळे निर्णय योग्यच होता.

शीट कुठून आणली, असे हमखास विचारतात. थोडी मुंबईहून मागवली. बरीचशी भंगारवाल्याकडच्या जुन्या फ्रिजांच्या दारांचे आतले पांढरे अस्तर कापून मिळवली. सगळीच अस्तरे सारखी नसतात. एका कोपऱ्यावर द्रवाचा थेंब लावायचा, चिकट झाले तर घ्यायचे. साइनबोर्डवाल्यांकडचा फोमचा बोर्ड मात्र घेऊ नका, त्याची जात वेगळी.

चुका किती झाल्या, तेही सांगायला हवे, नाहीतर हा बढाईचा कागद होईल. रेडिएटरची पुढची चौकट दहा थर एकावर एक चिकटवून केली आणि घाईने दुसऱ्या दिवशी घासली. आरशासारखी झाली. तीन आठवड्यांनी बघतो तर प्रत्येक थराची रेघ वर आलेली! आत कोंडलेला द्रव हळूहळू उडाला आणि प्लॅस्टिक तिथे तिथे बसले. ती चौकट फेकली. दुसऱ्या वेळी द्रव कमी वापरला, दोन थर झाले की दोन दिवस थांबलो आणि घासायला महिन्याभराने हात घातला. डाव्या दारावर गॅरेजवाल्यासारखा ड्युको रंग मारला, तर थिनरने प्लॅस्टिकच भेगाळले. लांबी (पुट्टी) भरून, वॉटर पेपरने घासून, मध्ये अस्तराचे पातळ हात देऊन पुन्हा रंगवले. आणि हे कधी? जुलैत! आमच्याकडे जुलैत भिंतीला हात लावला तरी ओला होतो. रंग सुकता सुकता दुधाळ झाला, काळ्याचा राखाडी. मग गुपचूप जानेवारीची वाट पाहिली.

इंजिनाचा एक प्रकार मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या व्ही-८चे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात, म्हणून वरची दोन्ही हेडे (झाकणे) पाटासारखी सपाट. मी ज्या नंतरच्या इंजिनाची नक्कल केली त्याच्या प्रत्येक हेडवर २४ स्टड (आटे पाडलेले दांडे) असतात, म्हणजे ४८ नट, प्रत्येक साधारण दोन मिलिमीटरचा. सहा कोनांचा नट इतका बारीक कसा करायचा? महिनाभर अडलो होतो. एक दिवस स्वस्तातले पारदर्शक सहाकोनी बॉलपेन हातात होते. रिफिल काढली, नळी मेणबत्तीवर धरून फिरवली आणि मऊ झाल्यावर दोन्ही हातांनी सावकाश ओढली. नळी बारीक झाली, पण सहा कोन तसेच राहिले आणि मधले भोकही! चकत्या कापल्या की नट तयार. ७० कापले. ४८ लागले, बाकीचे केरसुणीने नेले.

पुढच्या चाकांचे स्टिअरिंग मला जमत नव्हते. डावे वळले की उजवे अडायचे. शेजारचा बारावीतला मुलगा दिवाळीत आमच्या वाड्याच्या नरकासुराच्या पुतळ्याचे हात दोऱ्यांनी आणि वायपरच्या मोटरने हलवतो. त्याने पाच मिनिटे पाहिले, "तुमचो दांडो लांब जाला" म्हणाला, आणि सायकलच्या स्पोकचा तुकडा वाकवून दुसरा दांडा करून दिला. दांडा खरेच चार मिलिमीटर लांब होता. ३४ वर्षांचा ड्राफ्ट्समन मी! हा मुलगा दरवर्षी वीस फुटी राक्षस बांबू, कागद आणि भंगारातून उभा करतो आणि पहाटे त्याला आग लावतो. त्याच्या दोऱ्यांचे गणित कुठल्याच शाळेच्या प्रगतिपुस्तकात दिसत नाही, कारण शाळेचा प्रकल्प तो स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणतो. सगळेच आणतात.

किट जोडणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. किट स्वच्छ जोडणे हेही कौशल्य आहे. थ्रीडी प्रिंटसाठीही आधी संगणकावर आकार काढावा लागतो. माझे म्हणणे एवढेच की परीक्षकाला फरक कळत नसेल, तर त्याने विचारून घ्यावे. स्पर्धकाने कामाचे ड्रॉइंग, अर्धवट अवस्थेतले फोटो आणि फसलेला एखादा तुकडा सोबत आणावा, अशी एक ओळ अर्जात घातली की झाले. माझ्याकडे रेडिएटरची ती रेघाळलेली चौकट होती (फेकली म्हटले ती खोलीतल्या खोलीत). विचारली असती तर खिशातून काढून दाखवली असती.

आता दुसरी विनंती, आणि खरे तर तुमच्या वाचकांना. नरकासुरवाल्या मुलाला आता स्टायरिनची चटक लागली आहे. त्याला फोर्ड नको. त्याला आपल्याकडची जुनी लाकडी बॉडीची कारेर (प्रवासी बस) करायची आहे, एकास दहा मापात. लॉरीच्या चॅसिसवर आपल्या मेस्तांनी (सुतारांनी) लाकडाची बॉडी बांधायची, म्हणजे एका परीने आपलेही हॉट रॉडच, फक्त वेग वाढण्याऐवजी कमी व्हायचा. पण त्या मेस्तांनी ड्रॉइंग कागदावर कधी काढले नाही, आणि मिळतात ते फोटो समोरूनच काढलेले, पुढ्यात कुटुंब उभे करून. बाजूने किंवा मागून काढलेला एखादा फोटो कोणाच्या अल्बममध्ये असेल तर कृपया आपल्या कार्यालयात द्यावा, आम्ही येऊन मापे उतरवून फोटो लगेच परत करू. टपावर चढायच्या शिडीवरून आमच्या घरात आठवडाभर वाद चालू आहे. मी म्हणतो, ती डाव्या बाजूला होती. सौभाग्यवती म्हणतात उजव्या, आणि त्या तिच्यावर चढलेल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन
बांदोडा, फोंडा