आवडती बिअर, इन्सुली नाका आणि बाटलीवरची तारीख

संपादक महोदय,

गोव्याहून परतताना डिकीत किंग्ज बिअरच्या सहा बाटल्या आहेत, दुकानाची पावती खिशात आहे, गाडी चालवणाऱ्याने थेंबही घेतलेला नाही. तरीही महाराष्ट्रात शिरताना लागणाऱ्या, बांद्याजवळच्या इन्सुली तपासणी नाक्यावर ती बिअर बेकायदाच. ‘कर भरलाय की!’ हे उत्तर तिथे उपयोगाचं नाही, कारण भरलेला कर गोव्याचा असतो. मद्य हा राज्यांचा विषय आहे आणि ते जीएसटीच्या बाहेर आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट वेगळा. लेबल नीट वाचलं तर ‘फक्त गोवा राज्यात विक्रीसाठी’ ही बारीक अक्षरातली ओळ सापडते. तोच ब्रँड कोल्हापूरच्या दुकानात मिळत असला, तरी गोव्याच्या लेबलची बाटली सीमा ओलांडली की परकी होते. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार बाहेरून आणणं (कलम 65) आणि जवळ बाळगणं (कलम 66) हे दोन्ही गुन्हे आहेत. ज्या गाडीतून माल आणला, ती गाडीही जप्त होऊ शकते.

इथे लोकांचे दोन गैरसमज हमखास होतात. पहिला दारू पिण्याच्या परवान्याचा. आजीवन परवाना आहे, म्हणजे कुठलीही बाटली चालते, असं नाही. तो परवाना इथे रीतसर विकलेलं मद्य विकत घेण्याचा, बाळगण्याचा आणि पिण्याचा आहे, परराज्यातून आणण्याचा नाही. दुसरा विमानाचा. 24 टक्क्यांपर्यंत मद्यार्क (अल्कोहोल) असलेल्या पेयावर चेक-इन सामानात वेगळी मर्यादा नाही, म्हणून बिअर बिनधास्त बॅगेत जाते. पण तो नियम विमानाच्या सुरक्षेपुरता. पुण्याला उतरल्यावर राज्याचा कायदा लागू होतोच.

परवान्याबद्दल आणखी थोडं. एका दिवसाचा 5 रुपयांत, वर्षाचा 100 रुपयांत आणि आजीवन 1000 रुपयांत मिळतो. फोटो आणि वयाचा पुरावा जोडून राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. बिअर नियमित घेणाऱ्याने आजीवन परवाना काढून मोकळं व्हावं. माइल्ड, म्हणजे कमी मद्यार्काच्या बिअरसाठी वयाची अट 21 वर्षांची, कडक दारूसाठी 25 वर्षांची. गंमत म्हणजे वाळूजच्या कारखान्यात मराठवाड्याच्या पाण्यावर तयार झालेली बिअरही कायद्याच्या लेखी ‘विदेशी मद्य’च!

नाका ओलांडायचाच नाही, असं ठरवलं तरी आवडीची बिअर मिळेल याची खात्री नाही. ब्रँड कोणताही असो, त्याचं लेबल प्रत्येक राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाकडून मंजूर करून घ्यावं लागतं, त्याची फी भरावी लागते आणि पुढे नूतनीकरणही करावं लागतं. मोठ्या कंपनीला हा खर्च लाखो बाटल्यांवर पसरवता येतो. महिन्याला थोडेच क्रेट विकणाऱ्या छोट्या ब्रुअरीला तो झेपत नाही. बंगळुरूत प्यायलेली एखादी व्हीट (गव्हाची) बिअर पुण्यात दिसत नाही, त्यामागे दुकानदाराची नावड क्वचितच असते, बहुतेक वेळा लेबलच मंजूर नसतं. कोणत्या बिअरची लेबलं चालू वर्षासाठी मंजूर आहेत, याची साधी मराठी यादी विभागाने संकेतस्थळावर ठळकपणे लावली, तर गिऱ्हाइकाची आणि दुकानदाराचीही पायपीट वाचेल.

त्यातही खरं नुकसान होतं ते ताजेपणाचं, आणि त्याकडे कोणी बघत नाही. बिअर हा व्हिस्कीसारखा टिकाऊ माल नाही. कारखाना, घाऊक विक्रेता, मग दुकान अशी ती वाहतुकीच्या पासावर फिरते आणि प्रत्येक मुक्कामी गोदामात पडून राहते. उन्हाळ्यात ते गोदाम पस्तीस-चाळीस अंशांवर असलं, तर बाटलीत राहिलेल्या जराशा ऑक्सिजननेही काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. व्हीट बिअरचा केळ्या-लवंगेचा वास तर त्याआधीच उडतो. दुसरा शत्रू उजेड. बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांमधल्या कडू द्रव्यावर प्रकाश पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि बिअरला कुबट, उग्र वास मारतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारसा नाही, पारदर्शक तर जवळजवळ नाहीच. (काही उत्पादक यावर तोड म्हणून प्रक्रिया केलेला हॉप्सचा अर्क वापरतात, ते वेगळं.) दुकानातल्या काचेच्या फ्रिजमध्ये ट्यूबलाइट दिवसभर जळत असते आणि पहिल्या रांगेत नेमक्या हिरव्या बाटल्या मांडलेल्या असतात.

म्हणून बाटली मागच्या रांगेतली किंवा खोक्यातली मागावी. बॅच आणि उत्पादनाची तारीख लेबलवर, गळ्याजवळ किंवा कॅनच्या तळाला असते. ‘सहा महिन्यांच्या आत उत्तम’ लिहिलेलं असलं, तरी दोन-तीन महिन्यांच्या आतली बिअरच घ्यावी. पर्याय असेल तर कॅन घ्यावा, त्यात उजेड शिरतच नाही. पण ही तारीख बऱ्याचदा इतकी पुसट असते की मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो. ती ठळक आणि मराठीत छापण्याची सक्ती करायला सरकारला काय अडचण आहे?

आता माइल्ड आणि स्ट्राँगचा हिशोब. 5 टक्क्यांच्या 650 मिलीच्या बाटलीत शुद्ध मद्यार्क 32.5 मिली. 8 टक्क्यांच्या तेवढ्याच बाटलीत 52 मिली. व्हिस्कीच्या 60 मिलीच्या पेगमध्ये, 42.8 टक्क्यांनी, पावणेसव्वीस मिली. म्हणजे स्ट्राँगची एक बाटली जवळपास दोन मोठ्या पेगांची, तर माइल्डची सव्वा पेगाची. दोन्हींच्या किमतीत मात्र मद्यार्काच्या प्रमाणात फरक नसतो, त्यामुळे पैशाच्या हिशोबाने पिणारा स्ट्राँगकडे वळतो. मग दुकानदारही तीच भरतो आणि माइल्ड कोपऱ्यात जुनी होत बसते. कर मद्यार्काच्या मिलीवर लावला, तर हे चित्र बदलेल.

जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली होती. विरोध झाला आणि ते बारगळलं. तेव्हाही सौम्य बिअरचा विचार कोणाच्या मनात आला नाही. वाइनच्या मागे नाशिकचा द्राक्ष बागायतदार आहे. बिअरचं सातू येतं राजस्थान-हरियाणातून, तिच्यासाठी इथला कोणता आमदार बोलणार?

सीमेवरच्या बाटल्यांसाठी मात्र तोडगा अवघड नाही. घरच्या वापरापुरत्या, समजा सहा बाटल्यांवर, महाराष्ट्राचं शुल्क ऑनलाइन भरून तीन दिवसांचा पास मोबाइलवर मिळावा आणि नाक्यावर त्याचा क्यूआर कोड तपासावा. सरकारला महसूल मिळेल आणि नाक्यावरच्या कर्मचाऱ्यांना पर्यटकांच्या डिक्या उचकटण्याऐवजी ट्रकमधून येणारी खोकी पकडायला वेळ मिळेल. तोवर गोव्याची बिअर गोव्यातच संपवून, झोप काढून, सकाळी निघावं.

— एक वाचक, पुणे