येऊरच्या पायथ्याच्या काका-मावशींचे आभार

चार दिवसांची रजा आणि तासातासाचा तक्ता: येऊर, उपवन, घोडबंदरचा किल्ला. (१८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यात आली, तेव्हापासूनच आम्हा ठाणेकरांच्या पायाला चाकं लागली असावीत.) पहिल्याच सकाळी येऊरच्या पायथ्याशी रिक्षा बंद पडली. मी घड्याळ बघतोय, तर रिक्षावाले काका म्हणाले, "सुट्टीवर आहात ना? मग बसा की!" टपरीवाल्या मावशींनी स्टूल पुढे केलं, चहाचे पैसे काही घेतले नाहीत. दोन तास नुसता पाऊस बघत बसलो. किल्ला राहिला तो राहिलाच.

काका, मावशी, तुमची नावं विचारायचं राहूनच गेलं. मनापासून आभार. तक्ता रिक्षातच विसरलोय. सापडला तर भजी बांधायला घ्या.