विमेदारांचा तक्ता पेन्शनरांच्या माथी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अर्थविषयक पानावरचा निवृत्तीचा हिशेब वाचला. ॲन्युइटीचा, म्हणजे एकरकमी पुंजी विमा कंपनीला देऊन आयुष्यभर मिळणाऱ्या पेन्शनचा, दर सरसकट सहा टक्के, आयुष्य 80 वर्षे, की झाला हिशेब! आधार काय, तर मुंगीएवढ्या टायपात 'मृत्यूदर तक्ता 2012-14', म्हणजे कोणत्या वयात किती माणसे दगावतात याचा तक्ता. अहो, तो आयुर्विमा घेणाऱ्यांचा तक्ता. पेन्शन घेणाऱ्यांसाठी इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया या विमागणितज्ञांच्या संस्थेने 2012-15 चा वेगळा तक्ता केला आहे आणि विमा कंपन्यांना तो एप्रिल 2021 पासून लागू आहे. लेखकमहाशय एवढे तज्ज्ञ, त्यांना हे ठाऊक नसेल असे कसे म्हणावे?

ज्याला आपल्या तब्येतीचा भरवसा आहे तोच आयुष्यभराची पुंजी कंपनीच्या हवाली करून दरमहा पेन्शन घेतो. त्यामुळे या मंडळींत मृत्यूदर कमी असतो. विमेदारांचा तक्ता लावला की पेन्शनर कागदावर लवकर वारतात आणि लागणारी रक्कम कमी दिसते. जन्माच्या वेळचे सरासरी आयुर्मान सत्तरच्या आसपास, म्हणून साठीनंतर दहाच वर्षे उरली असेही लोक धरून चालतात. साठी गाठलेल्याला आपल्याकडे सरासरी आणखी अठराएक वर्षे मिळतात, आणि सरासरी म्हणजे अनेकजण त्याहून जास्त जगणार.

आता ते सहा टक्के. कोणत्या पर्यायाचे? सौ. निवृत्त झाली तेव्हा आम्ही एका विमा कंपनीच्या कार्यालयात गेलो होतो. तिथल्या तरुणाने मुद्दल वारसांना परत मिळणाराच पर्याय पुढे सरकवला. मुद्दल सोडले तर किती मिळेल आणि कोणता तक्ता धरला आहे, असे विचारले. "काका, ते कॉम्प्युटर काढतो," असे म्हणून त्याने समुद्रकिनाऱ्यावर हसणाऱ्या जोडप्याचे माहितीपत्रक हातात ठेवले. वास्तविक मुद्दल परत मिळत असेल तर कंपनी जवळपास व्याजच देते; साठीच्या आणि सत्तरीच्या माणसाच्या दरात फार अंतर पडत नाही. मुद्दल सोडले तर मात्र वयाबरोबर दर चांगलाच चढतो. त्यातही पश्चात पत्नीला किंवा पतीला पेन्शन हवी असेल तर पुन्हा कमी. हा फरक त्या तरुणाने सांगितला नाही, तुमच्या लेखकांनीही नाही. एनपीएसमधून (राष्ट्रीय पेन्शन योजनेतून) बाहेर पडताना, पुंजी अगदी लहान नसेल तर, तिचा काही भाग सहसा ॲन्युइटीत घालावाच लागतो, तेव्हा हा प्रश्न हौशी लोकांचा नाही. निरनिराळ्या कंपन्यांचे दर एनपीएसच्या संकेतस्थळांवर शेजारी-शेजारी पाहता येतात, एवढे एक वाक्य तरी छापायचे.

त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात पेन्शन योजनेची रंगीत जाहिरात होती. योगायोगच असणार. आणि लेखातले कोष्टक पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरात का छापता? पेन्शनचे पान वाचणाऱ्यांचे वय काय असते याचा तक्ता कुणी पाहिला आहे का?

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया त्या तळटीपेपेक्षा मोठ्या टायपात छापावी.

आपला,
एक सेवानिवृत्त लेखापाल