बर्णबाही उठला

प्रिय मित्रा,

"विश्वासाने माणूस बदलतो म्हणता, मग तुमच्या ख्रिस्ती मंडळीत तेच मानपान, तेच हेवेदावे कसे?" हा तुझा खोचक प्रश्न पोचला. उत्तर द्यायला बसलो, तर तुझ्या बाजूचे पुरावे आमच्याच बायबलात निघाले.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचंच घे. यापो गावात घराच्या धाब्यावर प्रार्थना करताना त्याला दृष्टांत झाला. देव पक्षपाती नाही हे उमगलं आणि तो परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, कर्नेल्याच्या घरी गेला. पुढे अंत्युखिया शहरात तशाच लोकांच्या पंगतीला बसून जेवायचाही. मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची यहुदी माणसं आली आणि हा हळूहळू अंग काढून घेऊ लागला. मत बदललं नव्हतं, लोक काय म्हणतील एवढीच भीती. प्रेषित पौलाने त्याला चारचौघांत सुनावलं. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाच. पण मला खरा छळतो तो पौलाचा सोबती बर्णबा. इतका भला माणूस, तोही पंगतीतून उठला. का, तर बाकीचे उठले म्हणून. पंगत मोडायला दुष्ट माणसं लागतातच असं नाही.

दुसरा जॉन न्यूटन, 'अमेझिंग ग्रेस' हे भक्तिगीत लिहिणारा इंग्रज. 1748 च्या वादळात त्याचं जहाज बुडता बुडता वाचलं आणि तो देवाकडे वळला. आम्ही उपदेशक साक्ष इथेच आटोपती घेतो, कारण 'आमेन' इथेच मिळतं. पण त्यानंतर तो गुलामांच्या जहाजांवर कप्तान झाला. वर खलाशांची उपासना घ्यायचा, खाली माणसं बेड्यांत. 1754 मध्ये समुद्र सुटला तोही आजारपणामुळे. या व्यापाराविरुद्ध जाहीरपणे लिहिलं ते थेट 1788 मध्ये.

तू म्हणशील, ढोंगी. मला नाही तसं वाटत. शिवीगाळ हे पाप आहे हे त्याला कळत होतं, कारण ते चारचौघांतही पापच होतं. गुलामांचा व्यापार मात्र प्रतिष्ठितांचा धंदा. समाज ज्याला मान देतो, ते पाप विश्वासणाऱ्यालाही सगळ्यात शेवटी दिसतं. आणि तेवढ्या वेळात खालच्या माणसांचं काय झालं, याला माझ्याकडे उत्तर नाही. ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली तो 1807 चा कायदा दाखवून मी ते झाकणार नाही.

तरी मी प्रवचन सोडत नाही. पेत्राची ती नाचक्की आमच्याच लोकांनी लिहून ठेवली, पिढ्यान्‌पिढ्या उपासनेत वाचली. स्वतःच्या पुढाऱ्याची फजिती जपून ठेवणारा समाज अगदीच वाया गेलेला नसावा, असं आपलं मला वाटतं.

येत्या रविवारी बर्णबावरच बोलणार आहे. मंडळीतल्या दोघातिघांना झोंबेल. तुझे आक्षेप शनिवारपर्यंत पाठव, म्हणजे प्रवचनात घेता येतील.

तुझाच,
पाळकबुवा