तळ्याचं पाणी

पॅसाडेना, १७ एप्रिल

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

दर रविवारी फोन होतोच, पण हे फोनवर जमलं नसतं. मध्येच आई येते, गोळ्या घेतल्या का विचारते आणि विषय निसटतो. म्हणून पत्र. शुद्धलेखनाच्या चुका सापडतील. लाल पेन हाताशी नसेल तेव्हा वाचा.

सईचं पोहणं चांगलं चाललंय. ब्रुकसाइड पार्कातल्या त्याच तलावावर, जिथे तुम्ही कठड्याशी बसून "गुडघे वाकवू नकोस" म्हणून ओरडायचात. आता ती डोकं पाण्याखाली घालते आणि नाकात पाणी गेलं तर मला दोष देते.

मागच्या आठवड्यात वाचनालयातून तिनं खेळाडूंची पाच-सहा चित्रचरित्रं आणली. पातळ पुस्तकं, पानभर चित्र आणि खाली चार-पाच ओळी. एप्रिलमध्ये ही पुस्तकं पुढे मांडतात, कारण १५ एप्रिल १९४७ला काळा जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघाकडून मैदानात उतरला आणि गोऱ्यांपुरतं राखलेलं बेसबॉल सगळ्यांचं व्हायला लागलं. आता दर वर्षी त्या दिवशी झाडून सगळे खेळाडू त्याचाच ४२ नंबर घालतात. सईची शंका : "मग आउट कोण झालं ते कळतं कसं?" मलाही सांगता आलं नाही.

पण ती अडकली दुसऱ्याच पुस्तकापाशी. सॅमी ली. कोरियन आईबापांचा मुलगा, १९२०चा जन्म, इथलाच, कॅलिफोर्नियातला. त्याला सूर मारायचं वेड. आणि पॅसाडेनाच्या तलावावर गोरे नसलेल्यांना आठवड्यातला एकच दिवस. तो दिवस संपला की तलावातलं पाणी सोडून द्यायचे आणि नवं भरायचे. बाकीचे दिवस काय करायचं? त्याच्या प्रशिक्षकानं परसात खड्डा खणला, त्यात वाळू भरली आणि वर फळी बसवली. पोरगा वाळूत उड्या मारून शिकला! वाळूतून उसळी घ्यायची म्हणजे पायांत केवढी ताकद लागत असेल. बापाचं म्हणणं, डॉक्टर हो. (हे वाचून निखिल माझ्याकडे बघून हसला. तुमच्यामुळे.) तो डॉक्टरही झाला, कान-नाक-घशाचा, आणि १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये दहा मीटरवरून सूर मारून सुवर्णपदकही घेतलं. १९५२ला हेलसिंकीत पुन्हा.

तो तलाव कुठला, ते मी सईला सांगणार नव्हते. ब्रुकसाइड हे नाव तिनंच हेरलं. "म्हणजे माझा तलाव?" थोडा वेळ गप्प बसून विचारलं, "आई, आपला दिवस कोणता असता?" मी म्हटलं, सॅमीचाच. तिला ते आवडलं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. त्याचं कारण खाली लिहिते.

आधी पुस्तकांबद्दल. मला ती आवडतात, कारण भेदभाव म्हणजे काय ते न सांगता एखादी वस्तू मुलांच्या हातात ठेवतात. इथे वाळूचा खड्डा. धावपटू विल्मा रूडॉल्फच्या गोष्टीत पायाला बांधलेला लोखंडी आधार आणि नॅशव्हिलच्या दवाखान्यापर्यंतचा लांबचा बसप्रवास, मागच्या बाकांवर बसून. पोलिओ झालेली ती मुलगी १९६०ला रोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकते. गावी तिच्या मिरवणुकीची तयारी होते, तेव्हा काळ्या-गोऱ्यांची वेगवेगळी असेल तर मी येणार नाही, म्हणते. सईच्या मते हे पदकांपेक्षा भारी.

खटकतं ते शेवटाजवळ. पदक गळ्यात पडलं की बहुतेक पुस्तकं मिटतात. सॅमी ली दोन सुवर्णपदकांचा मानकरी, लष्करात डॉक्टर. तरी १९५५च्या सुमारास ऑरेंज काउंटीत त्याला घर विकायला लोक तयार नव्हते. काळा धावपटू जेसी ओवेन्स यानं १९३६ला बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं मिळवली, आणि न्यूयॉर्कच्या हॉटेलात स्वतःच्याच सत्काराला त्याला सामानाच्या लिफ्टनं वर जावं लागलं. बर्लिनच्या दोनशे मीटरमध्ये त्याच्यामागे अवघ्या ०.४ सेकंदानं दुसरा आला तो मॅक रॉबिन्सन, जॅकीचा थोरला भाऊ, आमच्या पॅसाडेनाचा. परत आल्यावर त्याला इथे रस्ते झाडायचं काम मिळालं. थंडीत तो ऑलिंपिकचं जॅकेट घालून झाडायचा. नगरपालिकेसमोर दोघा भावांची काशाची भली मोठी डोकी आहेत, तुम्हाला दाखवली होती. जॅकीचं तोंड ब्रुकलिनकडे, पूर्वेला. मॅक मात्र सरळ नगरपालिकेकडे बघतो. ज्यानं ती तशी बसवली त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते.

तेव्हा तुम्ही पालवणकर बाळूची, म्हणजे क्रिकेटपटू पी. बाळूची गोष्ट सांगितली होतीत. ती मी सईला चित्रांशिवाय सांगितली. पुण्यात आधी पारशांच्या आणि मग साहेबांच्या मैदानावर खेळपट्टी झाडणारा चांभाराचा मुलगा, डावखुरा फिरकी गोलंदाज. साहेबांना हरवायचं म्हणून हिंदूंनी संघात घेतला. मैदानात एकच चेंडू सगळ्यांच्या हातात. चहाच्या वेळी इतरांना आत चिनी मातीचे कप आणि याला बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी, तरी हिंदूंचं कप्तानपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३ला धाकट्या विठ्ठलला मिळालं. सईनं लगेच त्या भांड्याचं चित्र काढलं. पण १९३७ला हाच बाळू काँग्रेसकडून डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभा राहिला आणि पडला, हे मी गाळलं. सात वर्षांच्या मुलीला ते पान कसं काढून दाखवायचं, तुम्हीच सांगा. विठ्ठल पालवणकरांचं 'माझे क्रीडा-जीवन' तुमच्या वाचनालयात असेल तर बघा.

आता झोपेचं कारण. चार दिवसांनी सईनं पुन्हा विचारलं, "पाणी सोडून कोण द्यायचं?" शहराची माणसं, मी म्हटलं. "त्यांना नातवंडं असतील ना? त्यांना कसं वाटतं?"

आप्पा, आपण महाडचे. वर्गात तुम्ही चवदार तळं शिकवायचात तेव्हा वेगळ्याच आवाजात शिकवायचात, हे तुमचे विद्यार्थी अजून सांगतात. २० मार्च १९२७, बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळीनं पाणी प्याले. मग गावानं पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. हे सगळं मी तुमच्याकडूनच शिकले. पण घरी, ओसरीवर, आजोबा स्वतःच्या मुंजीचं साल सांगताना काय म्हणायचे आठवतं? "तळं बाटलं त्या साली." सहज, जसं कोणी पुराच्या साली किंवा प्लेगच्या साली म्हणतं. तुम्ही तिथेच पेपर वाचत असायचात. पेपर खाली यायचा नाही.

त्या घागरींत आपल्या घरची एखादी होती का? पणजोबा तेव्हा कर्ते होते. नऊ वर्षांचे आजोबा कठड्याशी उभे होते का? मी कधी विचारलं नाही, कारण वर्गातल्या आप्पांची मी मुलगी आहे असं धरून चालले. सईला "सॅमीचाच दिवस" म्हटलं ते खोटं नाही. इथे आपला दिवस तोच असता. पण पुस्तक मिटल्यावर आपण आपोआप सॅमीच्या बाजूला जाऊन बसतो, तिथे मला आता अवघडल्यासारखं होतं.

रविवारी ती तुम्हाला विचारणार आहे. मी तिला पढवलेलं नाही आणि थांबवणारही नाही. तुम्हाला ठाऊक नसेल तर तसं सांगा. पण आजोबांच्या मुंजीचं साल तिला त्यांच्याच शब्दांत सांगा, आणि मग तो शब्द त्यांनी का वापरला, तेही. मराठी तिला बरंच कळतं. अडलं तर मी शेजारी आहेच.

आईच्या गुडघ्याला तेल चोळणं चालू ठेवा, ती सांगणार नाही पण दुखतो.

तुमची,
मनू