एफडी मोडू नका, बाबा

सोलापूर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

मंगळवेढ्याहून पाठवलेला हुरडा मिळाला. दुकानातल्या पोरांनी अर्ध्या तासात फस्त केला.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, एफडी मोडतो, पण सात रस्त्यावर तुझ्या दुकानाचा मोठा बोर्ड लागू दे. तेव्हा गळा दाटून आला, बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. ती एफडी आईच्या गुडघ्यासाठी आहे. तिला हात लावू नका.

माझी अडचण वेगळी आहे. आवडीनं खाऊन गेलेली माणसं परत यायची राहून जातात. अ‍ॅपवरून ऑर्डर आली की पिझ्झा जातो, कमिशन जातं आणि खाणारा कोण होता ते कळतही नाही. म्हणून दिवाळीत गल्ल्याजवळ एक वही ठेवली: नाव, ईमेल, वाढदिवस आणि ‘मेल पाठवला तर चालेल’ यापुढे खूण. खूण नसेल तर पत्ता वापरत नाही. आता तीनशेच्या आसपास पत्ते जमलेत.

ईमेल कोण बघतं, असं तुम्ही विचाराल. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट करून पाहिलं. ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो पोचतो, आणि पिझ्झावाल्यांचा नंबर कोण सेव्ह करतं? होस्टेलवरची मुलं मात्र प्लेसमेंटच्या निरोपासाठी रोज मेल उघडतात. जुळे सोलापुरातल्या नोकरदारांचंही तसंच. जीमेलच्या साध्या खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंत फुकट मेल जातात. आपल्याला तेवढं पुरतं.

पहिल्याच वेळी माझ्याकडून चूक झाली. पत्ते ‘बीसीसी’त, म्हणजे एकमेकांना न दिसणाऱ्या रकान्यात घालायचे, ते ‘टू’मध्ये घातले. प्रत्येकाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसले. एक ताई दुकानात येऊन म्हणाल्या, “विश्वासानं दिला होता हो पत्ता.” रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी एकेकाला वेगळं माफीचं पत्र लिहिलं. ज्यांनी नाव काढायला सांगितलं त्यांचं काढलं. तेव्हापासून प्रत्येक मेलच्या शेवटी ‘मेल नको असेल तर नुसतं “नको” लिहून पाठवा’ ही ओळ असतेच. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलनं २०२४ पासून जाहिरातीचे मेल बंद करण्याची सोय देणं सक्तीचंच केलंय. आपण लहान असलो तरी माणसाचा वैताग तोच. आणि बऱ्याच जणांनी स्पॅममध्ये ढकललं, की पुढचे मेल इतरांच्या पेटीतही दिसेनासे होतात.

आठवड्याला एकच मेल, मंगळवारी दुपारी चारला. त्या दिवशी ओव्हन नुसताच तापत असतो. सगळ्यात जास्त वेळ विषयाच्या ओळीला लागतो. ‘भव्य सवलत’ लिहिलं तेव्हा कुणी फिरकलं नाही. ‘मावशी, आज भाकरी थापू नका’ लिहिलं, तर दोन घरं पोराबाळांसकट आली! गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सगळी गर्दी होम मैदानाकडे आणि आपल्या विजापूर रस्त्यावर शुकशुकाट. तेव्हा ‘गड्ड्यावरून परतताना भूक लागली तर साडेअकरापर्यंत उघडं आहे’ एवढंच कळवलं. दहानंतर पाचही टेबलं भरली. ‘कांदा-लसूण नको’ म्हणणारी जैन घरं वहीत वेगळी काढलीत. त्यांना चिकनचा फोटो कशाला पाठवायचा? चातुर्मासात त्यांच्यासाठी वेगळा मेल जाईल.

मेल वाचून कोण आलं ते कळावं म्हणून त्यात दर वेळी एक शब्द देते. काउंटरवर तो सांगितला की गार्लिक ब्रेड आपल्याकडून. मागच्या मंगळवारचा शब्द होता ‘मालदांडी’. बाबा, १९ जणांनी तो सांगितला! खर्च झाला तो फक्त त्या ब्रेडचा.

आई, पुढच्या मंगळवारी शेंगाचटणीचा पिझ्झा ठेवतेय, मेल लिहूनही झाला. मशीनवरची चटणी नको, तू उखळात कुटलेलीच हवी. गुडघा दुखत असेल तर शेजारच्या काकूंना हाताशी घे. दोन किलो पुरे. सोमवारच्या सकाळच्या एसटीनं पाठव, मी स्टँडवर येऊन घेते.

तुमची लेक